आचार्यांच्या मिशा

एकदा एका वृद्ध वैद्याचार्यांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी न्हाव्याला बोलावून आपल्या मिशा उतरवल्या, आणि सारा आश्रम बुचकळ्यात पडला.

मिशा साध्यासुध्या नव्हत्या. पांढऱ्याशुभ्र, घनदाट, वरच्या ओठावरून उतरून खालच्या ओठालाही झाकणाऱ्या. आचार्य बोलू लागले की शब्द नेमके कुठून येतात ते कळत नसे. शिवाय आपल्याकडे माणूस मिशी काढतो तो वडीलधारे कोणी गेले तर. आचार्यांचे आईवडील जाऊन चाळीस वर्षे लोटली होती. तेव्हा सकाळपासून जो तो एकमेकांना दबक्या आवाजात विचारत होता, "गेलं कोण?"

सर्वांत जास्त अस्वस्थ होता धुंडिराज. तो आचार्यांचा जुना शिष्य. आता पुढच्या वर्गाला नाडीपरीक्षा शिकवी आणि वार्षिक परीक्षेची सगळी व्यवस्था पाही. त्याला स्वतःच्या काळ्याभोर, पिळदार मिशांचा बराच अभिमान होता, हेही इथेच सांगून टाकतो.

तो विचारायला गेला, तर आचार्यांनी त्याच्या हाती कात्री दिली.

"परीक्षेचा पडदा आण. मी बसल्यावर माझं तोंड जिथे येतं, तिथे वीतभर चौकोन काप."

धुंडिराजला कानांवर विश्वास बसेना. तो पडदा म्हणजे आश्रमाची अब्रू होती. कधीकाळी एका सावकाराच्या मुलाला केवळ चेहरा पाहून उत्तीर्ण केल्याची कुजबुज झाली, तेव्हापासून खुद्द आचार्यांनीच हा नियम घातला होता. परीक्षक पडद्यामागे, विद्यार्थी पुढे. समोर कोणाचा मुलगा उभा आहे ते परीक्षकाला कळायचे नाही. दहा प्रश्न तोंडी, उत्तरे तोंडी. तीनदा अनुत्तीर्ण झालेल्याने आश्रम सोडायचा. नियम सर्वांना एक, याचे धुंडिराजला फार समाधान वाटे.

"आचार्य, आपणच लावलेला पडदा..."

"म्हणून तर मीच कापायला सांगतोय. आणि माझं आसन दाराकडे तोंड करून मांड. उजेड माझ्या चेहऱ्यावर पडला पाहिजे."

"पण कशासाठी?"

"उद्या पोरांच्या नजरा कुठे जातात तेवढं बघ. मग विचार."

धुंडिराजने पडदा कापला. कापताना त्याचा जीव तुटत होता, पण कुतूहलही स्वस्थ बसू देत नव्हते. मिशा, झरोका, उजेड. या तिन्हींचा मेळ त्याला काही केल्या बसेना.

परीक्षा सुरू झाली. विद्यार्थी येत, हात जोडत, उत्तरे देत. कोणी छताकडे पाही, कोणी पायाच्या अंगठ्याकडे. झरोक्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. धुंडिराज मनात म्हणाला, चांगला पडदा फुकट गेला.

मग रंगनाथची पाळी आली. सातव्या वर्षी तापात या मुलाचे कान गेले होते. 'थोडं कमी ऐकू येतं' एवढेच तो लोकांना सांगे, कारण बहिऱ्याने कसली वैद्यकी करायची, हे त्याने घरी पुष्कळ ऐकून घेतले होते. पहिल्या वर्गाचे शिक्षक त्याची तोंडभर स्तुती करत. पण गेल्या दोन्ही परीक्षांत तो पडद्यासमोर मुका उभा राहिला होता. मागल्या वर्षी धुंडिराजने दया येऊन आचार्यांना मोठ्याने विचारायला सांगितले होते. आचार्य ओरडले, बाहेरच्या गाई दचकल्या, रंगनाथ तसाच उभा. दोन्ही वेळा धुंडिराजने आपल्या हाताने 'निरुत्तर' असे लिहिले होते. आज तिसरी वेळ होती. आश्रमाच्या दाराशी त्याचे गाठोडे बांधून ठेवलेले धुंडिराजने सकाळीच पाहिले होते.

रंगनाथने हात जोडले. त्याची नजर पडद्यावर फिरली आणि झरोक्यावर येऊन थांबली.

"तापात तहानेने व्याकूळ झालेल्याला काय द्यावं?" आचार्यांनी विचारले. नेहमीच्याच आवाजात.

"नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ घालून उकळलेलं पाणी," रंगनाथ म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "गार करून. थोडं थोडं."

धुंडिराज त्याच्याकडे पाहतच राहिला. प्रश्नामागून प्रश्न गेले. मुलाची नजर त्या वीतभर चौकोनावरून क्षणभरही हलली नाही. आठव्या प्रश्नाला तो चुकला. आचार्य 'चूक' म्हणाले आणि धुंडिराजने चूक म्हणूनच लिहिले. बाकी नऊ बरोबर आले.

सगळे पांगल्यावर धुंडिराज आचार्यांपाशी येऊन बसला. आता त्याला विचारायचे फारसे उरले नव्हते.

"तो ओठ वाचतो," तो म्हणाला. "आपल्याला कसं कळलं?"

"मागच्या आठवड्यात मी त्याला बागेत एका झुडपाचं नाव विचारलं. तो नुसता माझ्या मिशांकडे बघत राहिला. शेजारी माळीणबाई होत्या. त्यांनी तोच प्रश्न विचारला, तर त्याने नाव, मूळ, गुण, सगळं धडाधड सांगितलं." आचार्यांनी उघड्या ओठावरून हात फिरवला. "मला फार लाज वाटली, धुंडिराजा. जन्मभर रोग्याची जीभ पाहून रोग ओळखला, आणि माझ्यापुढचा विद्यार्थी कुठे पाहतो ते मला दिसलं नाही. दोन वर्षं मी त्याच्या कानांचीच परीक्षा घेत होतो."

"पण कोणी म्हणेल, त्याला सवलत दिली."

"प्रश्न सोपा केला का? चूक माफ केली का? झरोका सगळ्यांपुढे होता. ज्याला गरज नव्हती, त्याने पाहिलं नाही. पडदा आपण चेहरा झाकायला लावला होता, रे. प्रश्न झाकायला नव्हे."

बाहेर रंगनाथ दाराशी बसून गाठोडे सोडत होता. गाठ घट्ट बसली होती, सुटता सुटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी धुंडिराजच्या ओसरीवर हजर झाला. त्या पिळदार मिशा पाहून त्याचा हात अडखळला.

"वडील बरे आहेत ना, महाराज?"

"ठणठणीत आहेत. कळल्यावर मला फोडून काढतील," धुंडिराज म्हणाला आणि त्याने मान वर केली. "चालव तू वस्तरा. आजपासून रंगनाथ माझ्या वर्गात बसणार आहे."

फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्या माझ्या प्राध्यापक मित्रांनी मिशा खुशाल राखाव्यात. बोलताना एकदा वर्गाकडे वळून पाहिले, तरी पुष्कळ झाले.