बत्तीतलाव

पाहुणे हो, इथे दम खा. बूट सैल करा. पोरांच्या खिशातले काळे दगड आधी बाहेर काढा. मँगनीजचा दगड आहे तो, दिसायला लिंबाएवढा आणि वजनाला नारळाएवढा. अर्ध्या फेरीत चड्डी खाली येते आणि आई बापाकडे बघते. दर रविवारी होते.

समोर आहे तो बत्तीतलाव. नावावर जाऊ नका. कोण्या साहेबाने नाव वाचून काठाला दिव्याचे चार खांब रोवले. एकही कधी लागला नाही, बगळे मात्र खूश आहेत. बत्ती म्हणजे दिवा नव्हे, बापा. ही पूर्वी खाण होती. सुरुंग ठासून वातीला आग लावली की मुकादम ओरडायचा, “बत्तीऽऽ!” तो शब्द कानी पडला की टोपले टाकायचे, तोंडातला घास टाकायचा आणि ह्या चढावाने वर पळायचे. कशासाठी, कुठे, हे वर आल्यावर विचारायचे.

तर गोऱ्या साहेबाचा काळ होता, असे सांगतात. खाणीत इस्तारी नावाचा एक पहार मारणारा होता. कामाला दणकट, पण अंगात खोडी इतकी की देवाने माती मळताना पाण्याऐवजी तीच ओतली असावी. साहेबाच्या टोपीत खाजकुइली टाकली ती ह्यानेच. दयाराम मुकादमाच्या जोड्यात बेडूक ठेवला तोही ह्यानेच, आणि मुकादम जोडा झटकत असताना “कोण मेला असा पापी!” असे सगळ्यांत मोठ्याने ओरडला तोही हाच.

ह्याची बायको भिवरा, ह्याच खाणीत टोपले वाहायची. तिचा बाप सोमा ह्याच खाणीत गेला. बत्तीची हाक झाली होती, पण बाजूचा कोणी हसला, सोमाला वाटले थट्टा आहे, आणि तो दोन पावले थांबला. ती दोन पावले भिवरा कधी विसरली नाही. लग्नाच्या दिवशी, अंगाची हळद ओली असताना, तिने इस्तारीला आपण बसलो आहोत त्या ह्याच मोहाच्या झाडाशी उभे केले.

“तुमाले कोनाची खोडी काढाची तं काढा जी. माही काढा, देवाची काढा. पन त्या एका शब्दाची थट्टा कराची नाही.”

इस्तारीने झाडावर हात ठेवला आणि तो म्हणाला, “केली तं माही जीभ झडो.”

आणि त्याने ते पाळले, म्हणे. बाकी सगळ्यात खोटा, पण त्या शब्दात खरा. खाणीत सगळ्यांना ठाऊक होते.

त्या काळी खाणीच्या वरच्या अंगाला गावाचा जुना तलाव होता. दगड चांगला लागत गेला तशी कंपनी तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, खणत गेली. मध्ये मातीची भिंत उरली, ती दर महिन्याला बारीक होत होती. लोक बोलायचे. साहेब म्हणायचा, अजून चार हात आहेत.

दसरा होऊन गेला होता, तलाव काठोकाठ. सकाळी खाणीच्या तळाशी एका कोपऱ्यात थोडी दरड ढासळली. कोणाला लागले नाही. पण दुपारी भाकरी खाऊन सगळे लवंडले तेव्हा इस्तारीच्या डोक्यात किडा वळवळला. त्याने आपले पागोटे काढले, लग्नातले, लाल काठाचे. दरडीच्या दगडांखाली अर्धे खुपसले, शेजारी पहार आडवी टाकली, आणि गुपचूप चढाव चढून ह्या मोहावर जाऊन बसला. पानांच्या आड, पाय पोटाशी घेऊन. हसू दाबता दाबता त्याला उचकी लागली, असे सांगतात.

कामाला लागताना पागोटे दिसले.

“असंल कोठी तरी दडून,” दयाराम मुकादम म्हणाला. “इस्तारी हाय तो. मरनार नाही, मारंल आपल्याले.”

भिवरेने पागोट्याचे टोक ओढले. ते निघेना. ती म्हणाली, “डोक्शावरचं हे तं तो झोपेतही काढत नाही, मुकादम.” तिचा आवाज वर झाडापर्यंत आला. त्यात रडे नव्हते, काहीच नव्हते. इस्तारीचे हसू तिथेच अर्धे झाले.

मग चाळीस माणसे दरडीवर तुटून पडली. पहार लावली तर आतल्याला लागेल, म्हणून नुसत्या हातांनी. भिवरा सर्वांत पुढे. झाले तेवढे पुरे, आता उतरावे, पाठीत चार बुक्के खावेत, असे म्हणून इस्तारीने पाय खाली सोडला आणि सहज समोर बघितले.

तलावाच्या पाण्यात भोवरा फिरत होता. कमळाची पाने एकेक करून पाळीकडे सरकत होती आणि बुडत होती. खाणीच्या बाजूने त्या भिंतीतून तांबड्या पाण्याची धार निघाली होती, मनगटाएवढी. बघता बघता मांडीएवढी झाली. आणि खाली चाळीसच्या चाळीस माणसे तिच्याकडे पाठ करून त्यालाच उकरत होती.

उतरून धावावे तर चढाव लांब. तो झाडावरूनच ओरडला, “मी इथी आहो! वर या!”

आता इथली गंमत बघा. ह्या जागेवरून दिलेली हाक समोरच्या कड्यावर आपटते आणि तळातून परत येते. खाली सगळ्यांना ऐकू आले ते दगडांतूनच.

“जिता हाय!” भिवरा किंचाळली. “आतून बोलते! काढा, काढा!”

हात दुप्पट वेगाने चालू लागले. इस्तारीने तोंडाशी हात धरले आणि जीव तोडून हाक मारली, “पाणीऽऽ! पाणीऽऽ!”

“पानी मांगते!” दयाराम ओरडला. “तहान लागली त्याले! आना रे घडा!”

आणि वर सावलीत दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्याही डोक्यावर घडा घेऊन चढाव उतरून खाली धावल्या.

पाहुणे हो, हसू नका. तो हसला नाही. जन्मभर लोकांना फसवले त्याने, पण असे फसलेले लोक त्याने पाहिले नव्हते. जितके खरे ओरडे तितकी माणसे खोल जात होती. भिंतीचा एक लपका गळून पडला. भिवरेची पाठ त्याला दिसत होती, आणि तिच्या पायाशी आलेले पाणी. तिने खाली बघितलेसुद्धा नाही.

त्याने झाडावर हात ठेवला. त्याच जागी. आणि ओरडला.

“बत्तीऽऽऽ!”

ना सुरुंग ठासलेला, ना वात पेटलेली. पण चाळीस माणसांचे पाय त्यांना न विचारता उठले. म्हाताऱ्यांचे घडे फुटले. दयाराम चढावावर चौघांना ओलांडून गेला. भिवरा हातात पागोट्याचे फाटके टोक घेऊन धावली. धावताना तिला स्वतःचाच राग येत होता, पण पाय ऐकेनात. शेवटचा माणूस माथ्यावर आला आणि पाळ फुटली. आवाज असा झाला की गावात भिंतीवरची भांडी पडली. घटकाभरात जिथे ते उकरत होते तिथे साठ हात पाणी उभे होते.

वाफ निघावी तशी धूळ वर येत होती. मग भिवरेने मान वर केली. झाडावर बोडक्या डोक्याचा इस्तारी बसलेला.

“तुमी... इथी होते?”

त्याने तोंड उघडले. आवाज निघाला नाही. पुन्हा उघडले. नाहीच.

लोकांना वाटले, ही नवी खोडी. वर्षभर सगळे वाट बघत होते. दयारामाने त्याच्या जोड्यात विंचू सोडून पाहिला, नांगी काढलेला. भिवरेने वरणात मूठभर मिरची घातली. इस्तारी घळाघळा रडला, पण हूं नाही की चूं नाही. त्या दिवशी मात्र तिला कळले, म्हणतात. तिने उरलेले वरण स्वतः खाल्ले आणि त्याच्याशेजारी बसून तीही रडली. मिरचीने, असे तिने शेजारणीला सांगितले.

पुढे ती रोज तिन्हीसांजेला ह्या मोहाशी येऊन विचारायची, “कुठी आहा जी?” इस्तारी शेजारीच उभा असायचा. तो तिचा पदर ओढायचा, की मग ती घरी चालायची.

आजही तलावाची फेरी घालणारे घर इथे थांबते. एकाने विचारायचे, “कुठी आहा?” आणि बाकीच्या एकेकाने, कडेवरच्या लेकरानेसुद्धा, “इथी आहो!” म्हणायचे. त्याशिवाय पाऊल पुढे टाकायचे नाही, आणि इथे लपाछपी खेळायची नाही. तळे प्रत्येकाचे उत्तर परत देते. घ्या ओरडून, पैसे पडत नाहीत.

फक्त तो एक शब्द ओरडायचा नाही. मागच्या पौषात शहरातला एक पाहुणा तो ओरडला. शिंगाडे विकणाऱ्या बाया टोपल्या टाकून पळाल्या, पोलीसपाटील पळाले, आणि सगळ्यांत पुढे ही गोष्ट सांगणारा म्हातारा, एक चप्पल हातात. पाहुण्याला ओरडायला कोणी शिकवले ते विचारू नका. पण माथ्यावर धापा टाकत सगळे वळून उभे राहिले, कान देऊन. तळे नुसते चकाकत होते. बाकी सगळ्या हाका ते परत देते. ती दिली नाही.