खंड्याचा मालक

पालिकेची जाळीची गाडी गल्लीत शिरली की ज्या कुत्र्याच्या गळ्यात पितळी बिल्ला नसेल ते उचललं जायचं, तेव्हाची ही गोष्ट. एका सकाळी गल्लीतला खंड्या त्या गाडीला सापडला. बांगड्यांची पेटी तशीच उघडी टाकून अनसूयाबाई कासारीण धावल्या. रोजची अर्धी भाकरी त्यांनी खंड्यालाच घातलेली.

"मालक कोण याचा?" गाडीबरोबर आलेल्या पालिकेच्या निरीक्षकसाहेबांनी मिशीला पीळ दिला. "नियम ऐका बाई! कुत्रं ज्याच्या दारात झोपतं, तो त्याचा मालक. बिल्ला त्याच्याच नावानं मिळतो. तुमच्या दारात झोपतं का?"

खोटं बोलणं अनसूयाबाईंना जमणारं नव्हतं.

"नाही साहेब. पण तुम्ही ओळखलं नाहीत त्याला? रोज सकाळी पालिकेच्या कचेरीच्या दारात झोपलेल्या ज्याला ओलांडून तुम्ही आत जाता, तोच हा!"

सगळी गल्ली खो खो हसली. नियम साहेबांनीच चारचौघांत सांगितलेला, आता माघारी कसा घेणार? संध्याकाळी खंड्या बिल्ला मिरवत गल्लीत परतला.

खंड्याला जाऊन वीस वर्षं झाली. बिल्ला अजून अनसूयाबाईंच्या पेटीत, काचेच्या बांगड्यांखाली आहे. डोळ्यांना आता दिसत नाही, तरी मालकाचं कोरीव नाव त्या बोटांनी वाचतात : नगरपालिका.