हौसाची वगार, म्हादूची म्हैस

पंचांसमोर काडी मोडली, हौसा आणि म्हादू गवळी नवरा-बायको राहिले नाहीत. पण काजळी म्हैस कोणाची, हे काही पंचांना ठरवता येईना. लग्नाआधी ती हौसाची लहानशी वगार होती, माहेरून तिच्याबरोबर आलेली. आता घागर भरून दूध द्यायची. म्हादूला दुसरी बायको आणायची होती, आणि रिकाम्या गोठ्याला मुलगी कोण देणार?

तंटा तळवणीच्या राजापुढे गेला. राजा मोठा न्यायी होता, असं तो स्वतःच सांगायचा. दिलेला निकाल मात्र फिरवायचा नाही, हा त्याचा हट्ट.

म्हादूनं सांगितलं, की आली तेव्हा वगार नुसती हाडांचा सापळा होती. आठ वर्षं चारा माझा, पेंड माझी, तेव्हा अंगावरचं मांसही माझंच.

राजाला हे फार पटलं. "हौसा, लग्नाआधीचं ते तुझं, नंतर वाढलं ते म्हादूचं. या म्हशीतून तुझी वगार तेवढी वेगळी काढून ने. म्हादूच्या पेंडीचा घासभर अंशही जाता कामा नये. जमत नसेल तर म्हैस त्याची."

दरबारानं माना डोलावल्या. पगार राजाचाच होता. रिकाम्या हातानं परतलेल्या लेकीला भावजया कशा वागवतात, हे हौसानं पाहिलं होतं. तिनं पदर खोचला.

"बरोबर हाय, म्हाराज. मग ह्योच न्याव ह्यालाबी लावा. बोहल्यावर हुबा ऱ्हायला तवा ह्यो मुंडावळ्यांच्या ओझ्यानं वाकला हुता, सारा गाव साक्षीला हाय. त्यो म्हादू त्याचा त्यानं न्यावा. आठ वर्सं माज्या म्हशीचं दूध-तूप खाऊन जेवढा वाढला, तेवढा मला तोडून द्या!"

म्हादूनं दोन्ही हातांनी पोट झाकलं. ते झाकलं जाईना.

दिवाणजींनी विचारलं, एवढ्या म्हादूचं तू करणार काय?

"मला कशाला त्यो? नको म्हनून तर काडी मोडू दिली. पर हक्क का सोडू? त्याच्या बदली ही म्हैस चालंल."

राजानं म्हादूच्या पोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या. राणीच्या माहेरचं तूप तिथंही बरंच मुरलं होतं. पडद्याआडून राणी खुदकन हसली, आणि राजा सिंहासन हलेपर्यंत हसला.

"निकाल तोच! म्हशीच्या अंगावरचं म्हादूचं, म्हादूच्या अंगावरचं हौसाचं. फिट्टंफाट! हौसा, म्हैस घेऊन जा, आणि आमच्या कुरणात जन्मभर फुकट चार."