जिवंत माणसाच्या घरी सुतार

राजा कोण आणि राज्य कुणाचं हे कुणी लिहून ठेवत नव्हतं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाला लागून नदी होती. एके सकाळी त्या नदीवर एक बाई लुगडं खळबळत उभी होती. वरच्या अंगाला दोघीजणी धुणं आटोपून निघाल्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "अगं, या डोळ्यांनी पाहिलं मी. सुतार विणकराच्या घरात गेला, आणि पुढच्या दारानं गेला. म्हणजे बिचारा विणकर..."

पुढचं काही ऐकू आलं नाही. पाण्याचा खळाळ मोठा, आणि त्या दोघी वळणाआड गेलेल्या.

पण हिला पुढचं ऐकायची गरजच नव्हती. "गेला गं बाई माझा शेजारी," म्हणत ती ओल्या दगडावर बसली आणि रडायला लागली.

तुम्ही म्हणाल, सुतार घरात गेला यात रडण्यासारखं काय? तर आधी त्या गावची रीत ऐका.

तिथं नवी वस्तू घडवायची ती सुताराकडून. नांगर, पाळणा, दाराची चौकट, सगळं तोच करायचा. पण घरातलं मोडलंतुटलं दुरुस्त करायचं ते घरच्या पुरुषानं. लग्नात सासरा जावयाच्या हातात हातोडा, करवत आणि पटाशी ठेवायचा आणि म्हणायचा, "जावईबापू, आजपासून घर तुमच्या हातांवर." ज्या घरात पुरुष उरला नाही, तेवढ्याच घरात सुतार न बोलावता जायचा. पुढच्या दारानं जायचा आणि सगळं नीट करून यायचा. विधवांची आबाळ होऊ नये म्हणून कुणा भल्या माणसानं ही रीत घातली असणार. पण होता होता तिचा अर्थ भलताच झाला. सुतार शिरला की त्या घरचा पुरुष मेला, असं गाव समजू लागलं. मग जिवंतपणी कोण बोलावतोय सुताराला?

नदीवरची ही बाई म्हणजे विणकराची भिंतीला भिंत शेजारीण. चाळिशी ओलांडलेली. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. स्वतःच्या घरात काही घडत नसे, म्हणून इतरांच्या घरात काय घडतं याच्यावर तिचं लक्ष. कुणाची चूल उशिरा पेटली, कुणाचं दार वाऱ्यानं वाजतं, सगळं तिला ठाऊक. मनानं मात्र मऊ.

घरी येता येता तिला विणकर आठवत राहिला. माणूस बारीक कामाचा. लुगड्याच्या काठावर त्यानं मोर विणला, तर मोर आता पिसं झटकेल असं वाटायचं. पण त्याच हातांत हातोडा दिला की संपलं. त्यानं बसवलेलं दार खांद्यानं उचलल्याशिवाय उघडत नसे. त्यानं आवळलेल्या बाजेवर माणूस कडेला निजला तरी घरंगळत मधोमध यायचा. त्यानं ठोकलेल्या फळीवर त्याची बायको काही म्हणजे काही ठेवायची नाही. ती फळी नुसती बघायला होती.

आणि दमलेला किती! दिवसभर मागावर, आणि दिवस कलला की उरलासुरला जीव घेऊन शिडीवर. तसे त्या गावचे सगळेच पुरुष दमलेले. तेली घाणा हाकून आला की मोरी बुजवत बसायचा. कुंभार भट्टी विझवून आला की कौलं चाळायचा. काम संपलं असं म्हणून कुणी कधी पाय पसरलेच नाहीत.

चार दिवसांपूर्वीच तिनं भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

"अहो, मागाच्या वरची छपराची तुळई करकरतेय. सुतारकाकांना एकदा दाखवू या का?"

"सुतार बोलवायला मी मेलोय का?"

"मग काय, मरायची वाट बघू?"

आणि पुन्हा ठोकठोक.

हे सगळं आठवून तिला आणखीच रडू आलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची असते. तिनं डोळे पुसत पिठलं घोटलं. मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. टोपलीत भाकऱ्या घेतल्या आणि ती विणकराच्या दाराशी गेली. दार उचलायला तिनं खांदा पुढं केला, तर दार नुसत्या स्पर्शानं उघडलं, आवाजसुद्धा न करता.

दाराला सुताराचा हात लागला होता. आता शंकाच उरली नाही.

विणकराची बायको सामोरी आली. हिनं टोपली खाली टाकली, तिला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. "अगं, कसं गं झालं हे? काल तर खोकताना ऐकलं मी!"

"अक्का, अहो अक्का, झालंय काय?"

तेवढ्यात आतून आवाज आला, "वहिनी, कोण गेलं हो?"

बघते तर मागाशेजारी भिंतीला टेकून विणकरच बसलेला. उजव्या हाताला चिंध्यांचं मोठं गाठोडं. वर आढ्याशी सुतार चढलेला, आणि जुनी तुळई अर्धी निघून एका टेकूवर तोललेली.

"तुम्हीच गेलात!" शेजारीण म्हणाली.

"मी? मला कुणी सांगितलं नाही," विणकर म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण तेवढंही त्राण त्याच्यात नव्हतं.

मग त्यानं सांगितलं. काल दिवस कलल्यावर तुळईत पाचर मारायला तो शिडीवर चढला. डोळ्यांवर झापड होती. हातोडा पाचरीवर पडायचा तो अंगठ्यावर पडला. वैद्यानं पट्टी बांधली आणि बजावलं, महिनाभर हाताला काम नाही. या अंगठ्याला पुन्हा दणका बसला तर जन्मात मागावरचा धोटा धरता येणार नाही. तुळई तर उद्यापर्यंत थांबेल अशी नव्हती. पडली असती तर माग चिरडला असता, आणि मागाखेरीज त्या घराला पोटाचं दुसरं साधन नव्हतं. शेवटी बायको सुताराकडं गेली.

"काका म्हणाले, मागच्या दारानं येतो," बायकोनं सांगितलं. "मी म्हटलं, का? आपण काय चोरी करतोय? या पुढच्या दारानं. आले, आणि आल्याआल्या आधी ते दारच नीट केलं."

"खांदा निखळायची वेळ आली होती माझी," वरून सुतार म्हणाला.

इतकं बोलणं होतंय तोवर अंगणात माणसं जमू लागली. नदीवरची ती बातमी एव्हाना गावभर झाली होती. ज्याच्या त्याच्या हातात पिठलं-भाकरी, ज्याच्या त्याच्या तोंडावर दुःख. सर्वांत पुढं गावचे पाटील, पागोटं काढून हातात घेतलेले. आत येऊन बघतात तर मेलेला माणूस पाणी पितोय.

"हे काय रे?" पाटील ओरडले. "सगळं गाव कामं टाकून रडायला आलं, आणि तू जिवंत?"

"चुकलं पाटील," विणकर म्हणाला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं पाटील जास्तच चिडले. त्यांनी वर पाहिलं, सुतार दिसला.

"जिवंत माणसाच्या घरी सुतार? आज यानं बोलावला, उद्या तो बोलावेल. मग सासऱ्यानं हातोडा द्यायचा कशाला, बांगड्याच भराव्यात जावयाला! सुतारा, उतर खाली. आणि तू ऊठ. हातोडा घे आणि चढ शिडीवर. नाहीतर आजपासून गाव तुला मेलेला धरेल. पंगतीत तुझं पान नाही, आणि तुझ्या बायकोनं कपाळ पुसायचं."

सुतारानं एक पाय शिडीवर ठेवला. टेकू किंचित कुरकुरला.

विणकर भिंतीला धरून उठला. त्यानं हातोडा बघितला, आपली पट्टी बघितली. बायको जाऊन शिडीला पाठ लावून उभी राहिली. विणकर तिच्याकडं बराच वेळ बघत होता.

"पाटील," तो म्हणाला, "मला लाज वाटायला पाहिजे, कळतं मला. पण लाज वाटायलाही थोडी ताकद लागते. ती आता नाही. तुम्ही मला मेलेलाच धरा. मेलेल्या माणसाला निदान पडून तरी राहू देतात."

आणि तो परत खाली बसला.

"आणि हिचं कपाळ?" पाटील म्हणाले.

तेव्हा शेजारीण पुढं आली. "तिच्या कपाळाला हात लावून तर बघा! पाटील, तुमच्या परसदाराला कडी नाही, तीन वर्षं झाली. शेळी आत येऊन पिठाच्या डब्यात तोंड घालते आणि पाटलीणबाई दारामागं पाटा लावून निजतात. बोलू का अजून? तेल्याच्या घरात मोरीचं पाणी चुलीपर्यंत येतं. कुंभार स्वतः कौलं घडवतो, आणि झोपतो गोठ्यात, कारण घर गळतं. सगळ्यांची घरं ठाऊक आहेत मला. आवाज येतात."

कुंभारानं मान खाली घातली. पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग तिचा आवाज उतरला.

"आमचे मालक छप्पर शाकारायला चढले होते. दिवसभर रान नांगरून आले होते. मी म्हटलं, उद्या करा. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. वासा कुजलेला होता, त्यांना कळलं नाही. दुसऱ्याच दिवशी हे सुतारभावजी आले, रीतीप्रमाणं, पुढच्या दारानं. मी खाली बसून बघत होते. अर्ध्या दिवसात त्यांनी छप्पर नीट केलं. अर्ध्या दिवसात, पाटील. तेवढं काम होतं ते. सात वर्षं एक थेंब गळला नाही माझ्या घरात. कोरड्या घरात बसते मी एकटी."

बाया रडत होत्या, आणि हे रडणं घरून घेऊन आलेलं नव्हतं.

"किती वेळ लागेल रे?" पाटलांनी वर बघून विचारलं. आवाज आता निराळा होता.

"दिवस मावळायच्या आत होईल."

"मग कर," पाटील म्हणाले आणि पागोटं मांडीवर ठेवून ओट्यावर बसले. बसल्यावर त्यांच्या तोंडून असा उसासा निघाला, की ते किती दमले होते हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. मग बाकीचे पुरुषही बसले. पिठलं-भाकरी होतीच, ती सगळ्यांनी मिळून खाल्ली. शेजारणीच्या पिठल्याचा घास घेऊन विणकर म्हणाला, "वहिनी, मेलेल्या माणसाला चव कळत नाही म्हणून बरं."

दिवस कलला तशी जुनी तुळई खाली आली. सुतारानं ती अंगणात ठेवली, शेजारी नव्या लाकडाचा तुकडा ठेवला, आणि सगळ्या पुरुषांना दोन्हीवर बोटानं वाजवायला लावलं.

"ऐका," तो म्हणाला. "हे भरीव वाजतं, हे पोकळ. आत वाळवी आहे. या भल्या माणसानं पोकळ लाकडात पाचरी ठोकल्या, एक नाही, सहा. आधी वाजवून बघितलं असतं तर अंगठा वाचला असता. मला बोलवा, पण डोळे मिटून बोलवू नका. कडी ढिली झाली, खिळा निघाला, तेवढं तुम्हीच करायचं. त्यालाही मीच आलो, तर वहिनींसारख्यांच्या घरी जाऊ कधी? पोकळ वाजलं, की मात्र खाली उतरायचं आणि मला हाक मारायची. त्यात मरण्यासारखं काही नाही."

त्या दिवसापासून गावात सुतार पुढच्या दारानं कुठंही जाऊ लागला. सुरुवातीला एखादी म्हातारी दचकायची आणि पिठल्याची तयारी करायची. हळूहळू तेही थांबलं. पुरुष थकत होतेच, पण संध्याकाळी कधीमधी ओट्यावर नुसते बसलेले दिसू लागले.

महिन्यानं विणकराची पट्टी सुटली. अंगठा जागेवर होता, पण पुरता वाकेना. त्यानं पहिलं कापड विणलं ते सुताराच्या मेहनतीपोटी, एक पंचा. घट्ट, सरळ, चांगला पंचा. बायकोनं त्याचा काठ बोटांनी चाचपून पाहिला. काठ कोरा होता. त्यानंतर त्या घरात साधी कापडं पुष्कळ विणली गेली, पण मोर पुन्हा कधी आला नाही. सुतार चार दिवस आधी आला असता तर, असं त्या दोघांपैकी कुणी कधी बोलून दाखवलं नाही.

म्हणजे नदीवरची ती बातमी अर्धी खोटी ठरली आणि अर्धी खरी: माणूस राहिला, त्याच्या बोटांतलं कसब गेलं.

तात्पर्य: मोडलेलं ओळखण्याइतकं प्रत्येकानं शिकावं, आणि जे आपल्या हातचं नाही ते जाणत्या माणसाला वेळेवर, उजळ माथ्यानं बोलावून त्याच्याकडं सोपवावं.