डोंगरावर दगड नेणारं गाव

धोंडमाथ्याला जायचं तर पायथ्याच्या ओढ्यापाशी गाडी लावायची, पाणी भरून घ्यायचं आणि एक दगड उचलायचा. हो, दगड! चढ असा की सॅकमधला जास्तीचा टी-शर्टसुद्धा जड वाटतो, आणि इथे गावातले म्हातारे चिंधूबाबा वाट अडवून उभे. "रिकाम्या हातानं वर जायचं न्हाई. येकेक धोंडा घ्या." येणारा प्रत्येक ग्रुप तेच विचारतो, "बाबा, वर दगडांची टंचाई आहे का?" आणि बाबाही दर वेळी तेच म्हणतात, "वर जाऊन बघा, मग इचारा."

वर गेलं की डोकंच चालत नाही. दगडच दगड! शेतं आहेत, पण आधी दिसतात ते काळे गोलसर धोंडे, आणि त्यांच्यामधून नाचणी डोकावत असते. हातभर खणलं की खाली सलग कातळ, कुदळीतून ठिणगी उडते. माती तांबूस, खरखरीत, भुसभुशीत. पाणी ओता, डोळ्यांदेखत गायब. मूठ वळा, बोटांतून निसटते. आज इथे, तर उद्या चार पावलं खाली. ह्या मातीला एवढी घाई कसली? तर ती म्हणे ठमाबाईची घाई.

ठमाबाई फार जुनी, कुणाच्याच पणजीने न पाहिलेली. देशावरची, नदीकाठच्या काळ्या रानातली पोर. तिकडे जमीन अशी की कुत्र्याला मारायला खडा सापडू नये. तिथून ती लग्न होऊन ह्या माथ्यावर आली. आणि बाईच्या पायाला भिंगरी! भाकरी तव्यावर, ही गोठ्यात. गाय अर्धी पिळलेली, ही पाणवठ्यावर. सासरा धाकूजी कपाळावर हात मारायचा, "पोरा, सून आणलीस का वावटळ?"

पहिल्यांदा शेत पाहिलं तेव्हा ती बांधावर थबकलीच.

"आवं, ह्यात पेरता कुठं?"

"दगडांच्या मधी," नवरा बुधा म्हणाला.

"मंग दगड काढत का न्हाई?"

बुधाने डोकं खाजवलं. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून ठमा टोपली घेऊन सुटली. दगड भरायचे, कड्यावर न्यायचे, खाली ढकलायचे. गडगड गडगड आवाज दरीतून यायचा. बाया हसायच्या, "देशावरची राणी डोंगर झाडाय निघाली!" पण थोड्याच दिवसांत तिचं शेत सारवलेल्या अंगणासारखं दिसायला लागलं. औत सुतासारखं सरळ चालायला लागलं. मग मात्र हसणाऱ्यांच्या पोटात दुखलं. आधी तिची जाऊ कोंडाबाई आपल्या शेतात टोपली घेऊन उतरली, मग शेजारी, मग सगळा गाव. ज्येष्ठ संपेपर्यंत अख्खा माथा साफ! गावाने ठमाची खणानारळाने ओटी भरली म्हणे. तिला तर आकाश ठेंगणं झालं.

आणि आषाढ आला.

तिथला पाऊस पडत नाही, तुटून पडतो. ठमा जागी झाली ती कसल्यातरी वेगळ्याच आवाजाने. बाहेर पाहते तर शेतातून लाल पाणी धावतंय, कड्यावरून लाल धारा खाली कोसळताहेत. ती धावली. बांध घालायला हाताशी एक दगड नाही! तिने पदर पसरला, आडवी पडली, ओंजळीने माती मागे ओढू लागली. "धरा! आरं कुनीतरी धरा!" पण धरणार कशाने? माती तिच्या अंगाखालून, कुशीखालून निघून गेली. उघडीप झाली तेव्हा माथ्यावर नुसता काळा कातळ चमकत होता, घासलेल्या पातेल्यासारखा.

गाव देवळापाशी जमलं. धाकूजी बोलला, "औंदा कोठीतलं खाऊ. पुढल्या पावसाआधी खाली उतरायचं. मिळंल त्याच्या बांधावर राबायचं. हितं आता काय राह्यलं न्हाई." ठमाला कुणी शिवी दिली नाही. फक्त कोंडाबाई तिच्याजवळून जाता जाता म्हणाली, "तुझी पावलं गावात आली आन गावाची माती निघून गेली, बाई."

ते वाक्य ठमाला काट्यासारखं रुतलं. ती कडा उतरली, टाकलेल्यातला एक धोंडा डोक्यावर घेतला, वर आणून शेतात ठेवला. परत खाली. परत वर. हिवाळाभर तेच. बुधा म्हणायचा, "ठमे, मातीच न्हाई तर दगड कुनाला धरनार?" ती ऐकायला थांबायचीच नाही. थांबली असती तर रडली असती.

एकदा माथ्यावर येता येता डोक्यावरची चुंबळ सरकली आणि धोंडा कातळावर आपटला. फुटला नाही. त्याचं साल निघालं! कांद्याचं निघतं तसं, गोल. खाली दुसरं साल, त्याच्याखाली तिसरं. ठमाने ते बोटांत चुरडलं. तांबूस, खरखरीत. तीच माती! तीच, जी तिच्या कुशीखालून वाहून गेली होती.

ती ओरडतच गावात शिरली. "मामंजी! हे दगड न्हाईत! ही कच्ची माती हाय! आपन कच्ची माती फेकली!"

धाकूजीने साल हातात घेतलं, उलटंपालटं केलं, दाताखाली धरून पाहिलं. "खरं हाय पोरी," तो म्हणाला. "पन पिकायची कवा? तुझ्या नातवाच्या नातवाला इचार." आणि पुन्हा बोचकं बांधायला लागला.

घराघरांत बोचकी बांधली जात होती. ठमा तडक वरच्या डोंगरदेवाकडे गेली. देव म्हणजे काय, शेंदूर फासलेला एक उभा धोंडा. जुनी माणसं सांगायची की हा सगळा डोंगर एकेकाळी विस्तव होता, थरावर थर ओतलेला, रानोमाळ धावणारा. मग थंडावला तो थंडावलाच.

ठमा हात जोडून म्हणाली, "देवा, तूबी कधीतरी धावत होतास म्हनं. मग तुला म्हाईत आसंल घाई म्हंजी काय ती. माझ्या पायातली घाई घे आन ह्या दगडांना दे. मला एक पाऊल नको. गाव ऱ्हाऊ दे."

ती शेतापर्यंत चालत आली म्हणे. बांधावर टेकली. मग उठायला गेली तर पाय उठेनात.

त्या उन्हाळ्यात माथ्यावर कुणी कधी ऐकलं नव्हतं ते ऐकू आलं. दिवसा ऊन तापायचं, संध्याकाळी गार वारा सुटायचा, आणि शेतातले धोंडे तडतड तडतड वाजायचे. ठमाने आणलेला एकेक धोंडा साल टाकत होता. पावसाच्या तोंडावर प्रत्येकाभोवती ओंजळ-ओंजळ माती जमली होती. गावाने त्या ओंजळींत नाचणी पेरली. पाऊस तसाच तुटून पडला. पण ह्या वेळी धोंड्यांनी माती अडवून धरली. बोचकी सुटली. गाव राहिलं.

पहिल्या नाचणीची आंबील घेऊन कोंडाबाई आली. "घे गं," म्हणाली, आणि तिची नजर दुसरीकडेच. ठमाने वाडगं हातात घेतलं, पण डोळे कड्याकडे.

"आक्का, खाली आजून किती धोंडं हायेत?"

"लई हायेत."

"मंग मी..." ठमाने वाडगं ठेवलं, दोन्ही हात जमिनीवर रोवले, उठायला गेली. पाय हलले नाहीत. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

कोंडाबाईने ठमाची चुंबळ उचलली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि कडा उतरायला लागली. तिच्यामागे दुसरी. मग गडीमाणसं. सगळ्यात शेवटी म्हातारा धाकूजी, काठी टेकत.

असं सांगतात की तेव्हापासून ह्या दगडांच्या मातीत ठमाबाईची चाल आहे. ही माती एका जागी राहत नाही. जरा मोकळं दिसलं की पळते. म्हणून तिला धरायला सतत दगड लागतो, आणि दगड पिकून पुन्हा माती होते, आणि ती पुन्हा पळायला बघते.

आजही धोंडमाथ्यावर रिकाम्या हाताने कुणी चढत नाही. सोयरा असो, मास्तर असो, नाहीतर शहरातून आलेला ट्रेकर. वर येऊन धापा टाकत धोंडा शेतात टेकवायचा. फूल नाही, उदबत्ती नाही. मातीला नुसता हात लावायचा आणि एवढंच म्हणायचं, "तू बैस बाई. मी आणलाय."