वाटीतलं विरजण

फार पूर्वी, भांडी बोलायची तेव्हाची गोष्ट. एका नव्या सुनेने माहेराहून विरजण आणलं होतं. त्याच्या दह्यात मिरची-लसूण घालून, काकडीवर ओतायला ती ते वाडग्यात रवीने घुसळत होती. चमचाभर दही तेवढं उद्याच्या विरजणासाठी वाटीत राखलं होतं.

"ये की आत! तुझ्यावाचून दाटपणा येत नाही," रवी म्हणाली.

"मग उद्याचं दूध कशाने विरजणार?" विरजणाने विचारलं.

"माहेरचं म्हणून एवढा तोरा?"

ते विरजणाला लागलं. वाटी कलंडवून त्याने वाडग्यात उडी घेतली.

घराने बोटं चाटली, वाडगासुद्धा पुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुधाने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि ते नासलं. खुंटीवरून रवी म्हणाली, "मी आधीच म्हटलं होतं. माहेरचं ते, टिकायचं नाही."