सुपाएवढी सावली

हौसाला सात वर्षं झाली होती आणि तिच्या भावाला, राघूला, पाच महिने. दोघं मायबापासोबत नदीच्या पात्रात राहत. पावसाळ्यात जिथून गढूळ पाणी धावतं, तिथे उन्हाळ्यात पांढरीशुभ्र, चमचमती वाळू उरते. त्या वाळूत त्यांनी कलिंगडाची वाडी केली होती, आणि वाडीच्या कडेला गवताची एक छोटीशी खोप.

त्या वर्षी वैशाखात वावटळ आली आणि खोपीपुढचा मांडव उचलून घेऊन गेली. बाबा बैलगाडीत कलिंगडं भरून बाजाराच्या गावी गेले होते. येताना ते नवे बांबू आणणार होते, पण त्यांना यायला अजून तीन दिवस होते. तोवर दुपारची सावली कुठेच नव्हती. खोपीत कोंडल्यासारखं होई. राघूच्या मानेवर आणि पाठीवर मोहरीच्या दाण्यांसारखं लाल घामोळं उठलं होतं. बाहेर तीन काठ्यांना बांधलेल्या झोळीत वारा लागे, पण ऊन थेट त्याच्या तोंडावर येई. झोळीवर लुगडं टाकलं की वारा अडे. दोन दिवस झाले, राघू दुपारचा झोपला नव्हता. झोप नाही म्हणून तो दूध ओढत नव्हता, आणि रडून रडून त्याचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा बारीक झाला होता.

मायला त्याच्यापाशी बसता येत नव्हतं. वाळूत खणलेल्या झिऱ्यात पाणी हळूहळू साचे. ते घागरीत भरून एकेका वेलाच्या बुडाशी घालावं लागे. वेल होते दोनशे दहा. एक दिवस पाणी चुकलं तर पानं मान टाकत. म्हणून झोळीची दोरी हौसाच्या हातात होती. ती झोके देई, टाळ्या वाजवी, चिमणीचा आवाज काढी. राघू तिच्याकडे बघे, क्षणभर थांबे आणि पुन्हा रडे.

तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा हौसाला एक गोष्ट दिसली. कलिंगडाची फुलं सकाळी उमलतात आणि दुपारी मिटतात. पण झोळीजवळच्या वेलावरचं एक फूल मिटलंच नव्हतं. पिवळंधमक, लखलखीत. त्याच्या मधोमध करंगळीएवढी एक परी पाय हलवत बसली होती. तिचा घोळदार झगा पाकळ्यांचा होता, पंख चतुरासारखे पातळ, आणि केसांत वाळूचे रुपेरी कण चमकत होते.

ती म्हणाली, “केव्हापासून झोपायचा प्रयत्न करतेय मी. तुझा भाऊ रडतो छान, पण थांबत नाही.”

हौसाला हसू आलं. मग तिने परीला सगळं सांगितलं: मांडव कसा गेला, राघूला झोप का येत नाही, आणि काठावरचं करंजाचं झाड इतकं लांब आहे की तापल्या वाळूवरून बाळाला तिथवर नेता येत नाही.

परीने हनुवटीवर बोट ठेवून ऐकलं. “तुला तीनदा सावली मागता येईल,” ती म्हणाली. “पण नियम ऐक. नवी सावली मला करता येत नाही. मी इथली उचलून तिथे टाकते. जिथली उचलली, तिथे ऊन पडतं. परत पाठवायची असली तर हळूच ‘घरी जा’ म्हणायचं. परत गेलेली सावली पुन्हा येत नाही.”

हौसाने आजूबाजूला पाहिलं. वाडीभर हिरवीगार पानं पसरली होती, आणि प्रत्येक पानाखाली एकेक चिमुकली सावली. तिने त्या मागितल्या.

परीने पंख फडफडवले. पानांखालून इवल्याइवल्या सावल्या निघाल्या. काही नखाएवढ्या, काही तळहाताएवढ्या, कडेला कातरलेल्या, निळसर, जांभळट. वाळूवरून मुंग्यांच्या रांगेसारख्या त्या सरसरत आल्या, एकमेकींना चिकटल्या, आणि झोळीवर सावल्यांची एक गोधडी झाली. तिच्यातून वारा सुरेख खेळत होता. राघूने एक जांभई दिली. दुसरी अर्धीच राहिली आणि तो झोपला.

हौसा खूश होऊन मायला सांगायला निघाली. पण माय पाठमोरी वाकून एका कलिंगडावर हात फिरवत होती. तिने दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, आणि ती मटकन वाळूतच खाली बसली. कलिंगडाच्या वेलाला पानं असतात ती नुसती शोभेला नसतात. ती फळावर सावली धरतात. सावली गेली की फळाची वरची बाजू पांढुरकी पडते, उकडल्यासारखी होते, आणि मग ते आतून गोड होत नाही. वाडीत वाढलेल्या हौसाला हे ठाऊक होतं. फक्त राघूच्या काळजीत ती ते विसरली होती.

ती धावत परत आली. भाऊ किती शांत निजला होता! तिने ओठ घट्ट मिटले, मग हळूच म्हणाली, “घरी जा.”

सावल्या आपापल्या पानांखाली पळाल्या. फळं वाचली. राघू जागा झाला आणि दुप्पट जोराने रडू लागला.

“आता काठावरच्या करंजाची,” हौसा म्हणाली. “तो तर केवढा मोठा आहे.”

करंजाची सावली आली ती भल्यामोठ्या गार चादरीसारखी. तिच्यात झाडाचा वास होता आणि दोन साळुंक्यांचा आवाजही चुकून सोबत आला होता. राघू लगेच झोपला. हौसाही डोळे मिटणार, एवढ्यात काठावरून एका म्हातारीचं बोलणं ऐकू आलं. शेळ्या राखणारी म्हातारी ती. ती झाडालाच रागावत होती.

“का रे करंजा, इतकी वर्षं तुझ्याखाली बसले, आज मला भाजून काढतोस होय? माझं जाऊ दे. ही दोन पिल्लं सकाळी जन्मलीत, त्यांच्याकडे तरी बघ.”

हौसाने कपाळावर हात धरून पाहिलं. म्हातारी आपला पदर पसरून दोन चिमण्या करड्यांवर धरत होती. करडं अजून पायांवर डगडगत होती. एक पदराखाली मावत होतं, एक नव्हतं.

हौसाने राघूकडे पाहिलं. मग तिने या वेळी जास्त वेळ लावला नाही. सावलीला घरी पाठवलं. राघूने डोळे उघडले आणि ओठ काढले.

“एकच उरली,” परी म्हणाली. तिचा आवाज फार मऊ झाला होता. “त्या लांबच्या ढगाची मागशील?”

हौसाने विचारलं की तो ढग कुणाकडे निघालाय. परीला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा हौसा म्हणाली की नको, तिकडेही कुणीतरी वाट बघत असेल. तिने खाली पाहिलं. तिच्या पायांपाशी तिची स्वतःची सावली होती. भर दुपारची, आखडलेली, सुपाएवढी.

“ही चालेल?” तिने विचारलं.

“चालेल. पण मग दिवस मावळेपर्यंत तुझ्याजवळ सावली नसेल. ऊन तुला दुप्पट लागेल.”

“लागू दे. राघू सुपात मावतो. मायनं मोजलंय.”

परीने ती सावली अलगद उचलली, जशी आपण साय उचलतो, आणि झोळीवर ठेवली. ती बरोबर बसली. ना बोटभर जास्त, ना बोटभर कमी. राघूच्या डोळ्यांवर, घामोळं उठलेल्या मानेवर, मुठींवर. त्याने एक लांब श्वास सोडला. त्याच्या मुठी हळूहळू उघडल्या.

हौसा दोरी धरून उन्हात बसली. तिचे कान तापले, नाकाचं टोक तापलं, वेणीसुद्धा तापली. तिने दोरी सोडली नाही.

ऊन जरा कललं तेव्हा माय घागर घेऊन आली. तिला परी दिसली नाही. तिला वाटलं, फुलावर पिवळं पाखरू आहे. झोपलेला राघू पाहून तिने घागर आवाज न करता खाली ठेवली.

“झोपवलास गं? कसा झोपवलास?” ती कुजबुजली. मग तिचं लक्ष हौसाच्या तोंडाकडे गेलं. “आणि तुझी अशी पिकली मिरची का झालीय?”

हौसा काहीतरी सांगू लागली, पण मायने ऐकून घेण्याआधीच एक गोष्ट केली. ती सूर्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिची सावली हौसाच्या डोक्यावरून खाली उतरली आणि वाळूवर पडली. मायला हे ध्यानातही आलं नाही. वाडीत वेलांना पाणी घालताना, भाकरी खाताना, वाटेनं चालताना ती रोजच हौसाच्या उन्हाच्या बाजूला असायची.

आता वाळूवर मायची सावली होती आणि शेजारी झोळीवर हौसाची. झोळीच्या काठीपाशी त्या एकमेकींना टेकल्या.

परी उडून तिथे आली. तिने मूठ उघडली. आत एक बी होतं, तिळाहून थोडं मोठं.

“नवी सावली मला करता येत नाही,” ती हौसाच्या कानात म्हणाली, “पण हे पेरता येतं. मोठेपणी याला कितीही ऊन चालतं. कोंब असताना मात्र कुणालातरी आपली सावली द्यावी लागते. इतक्या वाड्या फिरले, इथे दोघींनी दिली.”

बी वाळूत पडलं. टचकन दोन पोपटी पानं वर आली. मग लवलवती शेंडी, मग कुरळे तणावे. वेल काठीला बिलगला, सरसर वर चढला, तिन्ही काठ्यांवरून पसरला, खोपीच्या गवतापर्यंत पोहोचला. पानांवर पानं आली, त्यांत पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं आली, आणि खाली गारगार, हिरवी, वारा खेळणारी सावली पडली. ती कुणाचीच उचललेली नव्हती. करंजाची करंजापाशी होती, पानांची पानांखाली होती, आणि हौसाने ‘घरी जा’ म्हणताच तिची सुपाएवढी सावलीही तिच्या पायांपाशी परत येऊन बसली.

परीने पंख उघडले. फुलातून सोनेरी उजेड निघाला, वाढत वाढत वाळूभर पसरला, एकेक कण लखलखला. हौसाने डोळे मिचकावले. उघडले तेव्हा फूल मिटलेलं होतं.

माय वर बघत राहिली. मग तिने विचारलं, हे केव्हा झालं. हौसाने सगळं सांगितलं, पानांच्या सावल्यांपासून. मायने मध्ये एकदाही अडवलं नाही. फक्त कलिंगडांची गोष्ट आली तेव्हा तिने हौसाचा कान हलकेच ओढला आणि तोच कान कुरवाळला.

राघू जागा झाला तो पोट भरून दूध प्यायला आणि पुन्हा झोपला. मायने त्याच्या शेजारी वाळूवर गोणपाट अंथरलं. अजून चाळीस वेल पाण्याचे राहिले होते, पण ती म्हणाली की ऊन उतरलं की घालू, दोघी मिळून. मग ती आडवी झाली. तिला दुपारचं आडवं झालेलं हौसाने कधी पाहिलं नव्हतं.

“तू पण ये,” माय म्हणाली आणि हात पसरला.

हौसा त्या हातावर डोकं ठेवून निजली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा बांबू घेऊन आले, तेव्हा त्यांना ते उतरवायलाच कुणी मिळालं नाही. तिघंही झोपली होती. त्यांनी बैल सोडले, चपला काढल्या, आणि उरलेल्या जागेत तेही झोपले.